डाव्या मुंढ्यातली चुणी

रविवार

हाताचे डॉक्टर म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा, बोटांना वळण राहील. म्हणून ही वही. नाहीतर शिंप्याने दैनंदिनीत लिहायचं तरी काय? उठलो, बसलो, झोपलो. दुकान बंद झाल्यापासून तेवढंच करतो.

आज मात्र लिहायला आहे. आम्ही राजधानी बघायला आलो आहोत. सहल कंपनीच्या बसने, अख्खा दिवस हाडं खिळखिळी करून घेत. ठरवलं सगळं हिने, म्हणजे माझ्या बायकोने. मी म्हटलं, या वयात राजवाडे बघून काय करायचंय, राजा काय मला कोट शिवायला टाकणार आहे? तर म्हणाली, "घरच्या भिंतीला टक लावून बसता, ती तिकडे किल्ल्याच्या भिंतीला लावा. तेवढाच बदल." हिच्या तोंडाला कोण लागणार.

खोटं नाही बोलली. भिंतीकडेच बघत असतो. ज्या जागेत आयुष्यभर कोट शिवले तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. फोनला कपडे आणि माणसं उघडी. त्या रस्त्याने मी जात नाही, लांबच्या गल्लीने वळसा घालतो. सुईत दोरा ओवता येत नाही तो शिंपी कसला, आणि शिंपी नाही तर मी कोण, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. सकाळी जाग येते तेव्हा पहिला विचार हाच येतो की कशाला आली.

हॉटेलची खोली म्हणजे काडेपेटी आहे. खिडकी उघडली तर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. भिंतीने इथेही पिच्छा सोडला नाही. माझी एक लहान पिशवी आहे आणि हिची ही भलीमोठी बॅग. उचलताना पोर्टरचा जीव गेला. आत लोकरीचे कपडे, जाड मोजे, घरातली पांघरुणंसुद्धा. मी म्हटलं, "अगं, आठवड्याची सहल आहे, की कायमची निघालीस?" एरवी माझ्या फालतू विनोदाला पण हसते. आज हसली नाही. दमली असेल.

या शहरात आमचा मुलगा राहतो. हे एकदाच लिहितो, म्हणजे विषय संपला. एकुलता एक. दुकान पुढे त्याचंच होणार होतं. एक दिवस कात्री टेबलावर ठेवली आणि म्हणाला, मी जन्मात सुई धरणार नाही. इथे येऊन लिफ्ट दुरुस्त करतो. मी सांगितलं होतं, उंबरा ओलांडलास तर परत येऊ नकोस, आणि तो शहाणा आला नाही. लग्नसुद्धा इथेच करून मोकळा झाला. आई फोनवर बोलते त्याच्याशी. फोन वाजला की मी बाहेर जाऊन उभा राहतो. बोललो ते बोललो, शब्द म्हणजे काही कच्चा टाका नव्हे, ओढला की सुटला.

सोमवार

राजवाडा. आमची गाइड बाई हातात लाल छत्री उंच धरून पुढे चालते आणि आम्ही मेंढरं मागे. मी तिचं नाव छत्रीवाली ठेवलंय. तिला सगळ्या राजांची सगळी सालं पाठ आहेत. कोणाचं कोणाशी लागलं, कोणी कोणाचा गळा कापला. सख्ख्या बापाला तळघरात कोंडणारा एक राजपुत्र होता म्हणे. आमच्या गटातले बँकवाले साहेब, निवृत्त मॅनेजर, हळूच म्हणाले, "आपण नशीबवान, आपली मुलं फक्त फोन उचलत नाहीत." सगळे हसले. मीही हसलो.

चौकात राजाचा पुतळा आहे, घोड्यावर. त्या मूर्तिकाराला कोणीतरी एक खरा कोट दाखवायला हवा होता. हात वर केल्यावर कोट बगलेत ओढला जातो. याचा कोट इस्त्री करून अंगावर चिकटवलाय. एवढे लोक खाली उभे राहून फोटो काढत होते, एकाच्याही लक्षात आलं नाही. मला एकदम वाटलं, माझं जे काही डोक्यात आहे ते आता कोणाच्याच उपयोगाचं नाही. कातरणासारखं आहे. पोत्यात भरायचं आणि टाकून द्यायचं.

ही आत आली नाही. "गुडघे दुखताहेत, मी बाहेर बाकावर बसते, तुम्ही बघून या निवांत." निवांत कसला, दर दालनात मागून ढकलत होते. बाहेर आलो तर बाक रिकामा. अर्धा तास शोधतोय. मग समोरच्या रस्त्याने झपझप चालत आली, गाल लाल, डोळे लाल. म्हणे रस्ता चुकले. गुडघे दुखणाऱ्या बाईचा चालण्याचा वेग बघून बँकवाल्यांची बायको म्हणाली, "वहिनी, आम्हालाही तुमच्या गुडघ्यांचं औषध सांगा."

मंगळवार

हात फार थरथरतोय. सकाळी शर्टाची बटणं हिने लावली. ज्याने हजारो काजं केली त्याला स्वतःचं बटण काजात घालता येईना. देवळं की थडगी काहीतरी बघितली. सगळी थडगी एकसारखी.

बुधवार

आज काही वेळ मी जिवंत होतो, म्हणून नीट लिहितो.

राजघराण्याच्या कपड्यांचं संग्रहालय होतं. काचेच्या पेटीत एका राजाचा कोट ठेवलाय, काळा, आता तपकिरी पडलेला. छत्रीवाली म्हणाली, हा राज्याभिषेकाचा कोट, चला पुढे. मी पुढे गेलो नाही. राजाचा उजवा खांदा उतरलेला होता. ते कुठल्याही पुस्तकात नसेल, पण कोटात आहे. शिंप्याने उजव्या खांद्यात आतून भर घातली आहे, इतकी बेताने की समोरून दोन्ही खांदे सारखे दिसावेत. त्याने निदान चार वेळा राजाला उभं करून ट्रायल घेतली असणार. आरशाकडे तोंड करा महाराज, हात सैल सोडा महाराज. मी हे सगळं बँकवाल्या साहेबांना सांगायला लागलो. माझा आवाज वाढला असावा. काचेवर बोट ठेवून दाखवत होतो, बोट थरथरत होतं, काच टकटक वाजत होती. पहारेकरी धावत आला आणि सगळ्यांसमोर माझं मनगट धरून बाजूला केलं. साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो मास्तर, जुना कपडा आहे."

जुना कपडा. बरोबर आहे.

मग मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीत जाऊन उभा राहिलो. खाली बाग आहे. ही आजही आत आली नव्हती, बागेतल्या बाकावर बसली होती आणि शेजारी कोणीतरी माणूस, माझ्याकडे पाठ. दोघं बोलत होते. मला माणसाचं काय, मला त्याचा कोट दिसला. राखाडी कापड, बरं होतं कापड, पण शिवलेलं असं की बघवेना. डावी बाही जिथे खांद्याला लागते त्या मुंढ्यात मागच्या बाजूला ही मोठी चुणी, पाठ एकीकडे ओढलेली. असा कोट घालून माणूस राजधानीत फिरतो आणि त्याला कोणी अडवत नाही.

जेवताना विचारलं, "कोण होता तो बाकावर?"

"कोणी नाही. पत्ता विचारत होता."

"त्याचा कोट बघितलास? ज्याने शिवलाय त्याच्या हातातून कात्री काढून घ्यायला हवी."

तिने घास खाली ठेवला. "पहिलाच असेल एखाद्याचा."

"पहिला असेल तर घरात ठेवावा. माझा पहिला कोट आमच्या मास्तरांनी माझ्यासमोर टराटरा उसवला होता. मला म्हणाले, लाव परत. त्या दिवशी मी शिंपी झालो. ज्याच्यात काही दिसतं त्याचंच उसवतात, बाकीच्यांना छान म्हणून वाटेला लावतात."

"हे तुम्ही कधी कोणाला सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगायचं काय त्यात? ज्याला कळतं त्याला कळतं."

ती उठून हात धुवायला गेली. बराच वेळ आली नाही. जेवण तसंच राहिलं. हॉटेलचं जेवण हिला मानवत नाही.

गुरुवार सकाळ

हिला कशाने झपाटलंय कळत नाही. पहाटे उठवून मला खोलीतल्या इलेक्ट्रिक किटलीवर चहा करायला लावला. "आधी पाणी, मग बटण. बटण बंद केल्याशिवाय उचलायची नाही." मग घरातल्या गोळ्या कुठल्या कप्प्यात, विजेचं बिल कुठे भरायचं, भांडी घासायला येणाऱ्या बाईचा फोन. मी म्हटलं, सहलीला आलोय की परीक्षेला? म्हणाली, "असू द्यावं माहीत." कपडे धुण्याच्या मशीनला किती पावडर लागते हे राजधानीत येऊन शिकणारा मी पहिलाच प्रवासी असेन.

गुरुवार संध्याकाळ

हिने सांगितलं एकदाचं. नदीवरच्या जुन्या पुलावर, सगळे फोटो काढत असताना.

सुनेला दिवस गेलेत, आठवा महिना. डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको म्हटलंय. तिच्या माहेरी कोणी नाही. ही इथेच राहणार, मूल चालायला लागेपर्यंत. सहल वगैरे सगळा बहाणा होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं यात हिचा हात कोणी धरणार नाही.

"आणि मी?"

"तुम्हीही राहा. म्हणून तर आणलं तुम्हाला. त्याची तयारी आहे. सोमवारपासून रोज भेटतोय मला, रोज विचारतो, बाबा येतील का म्हणून."

म्हणजे बाकावरचा तो. मी म्हटलं, "मी त्याच्या घरी आश्रित म्हणून राहणार नाही."

"आश्रित कोण म्हणतंय? आजोबा म्हणून राहा."

"त्याने यावं माझ्याकडे."

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा," ती म्हणाली. रागाने नाही बोलली, फार दमलेल्या माणसासारखी बोलली. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळी एकदा चला. फक्त दारापर्यंत चला. एक चांगला शब्द बोला आणि परत या. तेवढंच मागते. मग नाही राहिलात तरी मी काही म्हणणार नाही."

पुलापलीकडे जुना पहाऱ्याचा मनोरा आहे, तिकडे एकटाच चालत गेलो आणि रागाच्या भरात वरपर्यंत चढलो. वरून सगळं शहर दिसतं. एवढी घरं, एवढ्या खिडक्या, आणि त्यातल्या एकीत माझं रक्त आहे. ते कोणत्या दिशेला हेसुद्धा मला माहीत नाही. कठड्यावर उंच जाळी लावलेली आहे. बरं केलंय लावली ते. खाली उतरलो तर ही पायथ्याशी उभी होती, वर बघत. तिने माझा हात धरला आणि हॉटेलपर्यंत सोडला नाही.

शुक्रवार

गेलो. जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

गल्ली साधीच आहे. खाली एक चपला दुरुस्त करणारा, एक किराणा. इमारत जुनी, तिसरा मजला, आणि लिफ्ट नाही. मी म्हटलं, लिफ्टवाल्याच्या घरी लिफ्ट नाही म्हणजे दिव्याखाली अंधार. ही म्हणाली, "आता विनोद पुरे. ऐका. काहीही बोला, हवामानावर बोला, पण त्याच्या कपड्यांबद्दल एक अक्षर काढू नका. शपथ आहे माझी." मी म्हटलं, मला काय वेड लागलंय?

दार त्यानेच उघडलं. कानांजवळ पांढरं झालंय. तो माझ्यापेक्षा उंच होता हे मी विसरलो होतो. आणि अंगात कोट. घरात, बटणं लावून. तोच राखाडी.

"या, बाबा," म्हणाला.

मला वाटतं मला रडू येणार होतं. मला काय करावं सुचेना, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. त्याच्या डाव्या खांद्यावर गेला. चुणीवर. मी ती अंगठ्याने दाबून बघितली, एवढ्या वर्षांनी त्याला हात लावला, कापडाखाली त्याचा खांदा गरम होता. आणि मी म्हटलं, "मुंढा चुकलाय. उसवून परत लाव."

तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "बरं."

माझा हात थरथरायला लागला म्हणून मी तो झटकन काढून खिशात घातला.

खोली एकच आणि मागे स्वयंपाकघर. सून पलंगावर उशांना टेकून बसली होती. चेहऱ्यावर सूज आहे, पण मुलगी गोड आहे. मला बघून उठायला लागली, मी म्हटलं नको, नको. खिडकीपाशी टेबल, त्यावर काहीतरी मोठं, चादरीने झाकलेलं. ती म्हणाली, "बाबा, तो कोट ना, ह्यांनी..." तर हा म्हणाला, "राहू दे गं."

चहा त्याने स्वतः केला. कप माझ्यासमोर ठेवला. मी घेतला नाही. दोन्ही हात खिशातच ठेवले. कप उचलला असता तर अर्धा चहा बशीत आणि अर्धा पायजम्यावर आला असता. बाप आला आणि चहा सांडून गेला, हे कशाला दाखवायचं? तो दोनतीनदा कपाकडे बघून माझ्याकडे बघत होता. चहावर साय धरली. "दुसरा करू?" म्हणाला. मी म्हटलं, नको. हवामानावर बोललो. इथे थंडी लवकर पडते म्हणाला. मी म्हटलं, पडणारच.

थोड्या वेळाने उठलो. माझ्या मते वाईट झालं नाही. आवाज चढला नाही, जुनं कोणी काढलं नाही. आणि दुकानात नवशिक्यांना मी जसं सांगायचो तसं मुद्द्याचं एक वाक्य सांगून आलो. याहून बाप काय करतो?

जिन्यात ही थांबली. म्हणाली, "तो कोट त्याने स्वतः शिवलाय."

मी म्हटलं, "तो? सुईला हात न लावणारा?"

"तुमचे हात गेले हे मी फोनवर सांगितलं ना, त्याच्या पुढच्या महिन्यात शिवणाच्या वर्गाला नाव घातलं त्याने. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात असतो आणि संध्याकाळी तिथे. टेबलावर मशीन झाकलेलं होतं, दिसलं नाही तुम्हाला? बाबा आले की घालून दाखवीन म्हणून दुपारपासून घालून बसला होता. गरम होत होतं तरी."

"मग मला आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर खोटं छान म्हणाला असतात?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. मला वाटलं, न सांगता एक शब्द निघेल."

"पण मी कपड्यांबद्दल कुठे बोललो? मी फक्त खांद्याबद्दल बोललो."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नापासून आजवर कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाली, तुम्ही जा हॉटेलवर, मी आज इथेच राहते. आणि वर गेली. गुडघे खरंच दुखतात तिचे. एकेक पायरी थांबत, कठडा धरून चढत होती.

शनिवार, बसमध्ये

रस्ता खराब आणि हात खराब, अक्षर वाचता येईल की नाही माहीत नाही. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

बस सकाळची होती. हॉटेलसमोर सगळे जमले होते, छत्रीवाली डोकी मोजत होती. ही आली, बरोबर तो, बॅग न्यायला. कडाक्याची थंडी, तोंडातून वाफ निघत होती आणि हा नुसत्या शर्टात. ओठ निळे पडलेले. मी म्हटलं, "कोट कुठाय? मरायचंय का?"

"उसवलाय," तो म्हणाला.

मला कळेना. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, अगदी जवळ. हात शरीराला चिकटवून, थंडीने थरथरत. "तुम्ही म्हणालात तसं उसवलाय. बाही वेगळी केली. आता पुढचं सांगा, बाबा."

पुढचं सांगा.

ते काही सांगण्यासारखं नसतं. ते दाखवावं लागतं. हातात टाचण्या घ्याव्या लागतात. मी खिशातले हात बाहेर काढले असते तर त्याने बघितलं असतं, बँकवाल्यांनी बघितलं असतं, त्या छत्रीवालीने बघितलं असतं. ज्या हातांना तो लहानपणापासून घाबरायचा, ज्यांच्यासारखं आपल्याला जमणार नाही म्हणून कदाचित पळाला, ते असे झालेत हे ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. छत्रीवाली म्हणाली, "आजोबा, चला ना, तुमच्यासाठी सगळे थांबलेत."

मी म्हटलं, "बस सुटतेय."

तो म्हणाला, "पुढची पण असेल बस."

हिच्याकडे मी बघितलंच नाही.

चढलो. खिडकीकडची जागा हिची होती. तिथे बसलो तर ते दोघं दिसले असते, म्हणून आतल्या बाजूला बसलो. बस वळली तेव्हा मान वळवून बघायचा प्रयत्न केला, पण मध्ये दुसरी बस होती.

बँकवाल्यांच्या बायकोने विचारलं, वहिनी राहिल्या का? मी म्हटलं, हो, बाळंतपण आहे. म्हणाली, वा, आजोबा होणार! पेढे... असं काहीतरी म्हणत होती. मी झोपेचं सोंग घेतलं.

बुधवार, घरी

चहा जमतो. आधी पाणी, मग बटण. कपात ओतताना सांडतो, पण पुसायला वेळच वेळ आहे. कोणाशी बोललो नाही. भांडीवाली आली होती, तिच्याशी बोललो. वहिनी कधी येणार म्हणाली, मी म्हटलं माहीत नाही.

शुक्रवार

हिचा फोन. सून बरी आहे. तो कामावर गेलाय. मीच विचारलं, "कोटाचं काय झालं?" असं सहज विचारल्यासारखं.

"तुकडे पिशवीत भरून कपाटावर टाकलेत. मशीन विकायला काढलंय. वर्गाला जात नाही आता. मी काही म्हटलं नाही." मग म्हणाली, "त्याला सांगू का तुम्हाला फोन करायला, संध्याकाळी?"

मी म्हटलं, बघू. फोन ठेवला. बघू कशाला म्हटलं? संध्याकाळ कधीच झाली. फोन वाजला नाही, मीही केला नाही.

रविवार

झोप नाही. बस सुटताना त्याने जे विचारलं होतं ते निदान इथे लिहून ठेवतो. डोक्यातून जाईल. वाचणार कोणी नाही.

बाही काढली की आधी मुंढ्याचे धागे सगळे वेचून टाकायचे. मग ओल्या फडक्याने इस्त्री, ओढलेलं कापड शांत होतं. मग बाही पुन्हा कच्च्या टाक्यांनी, सैल, खांद्याच्या शिवणीपासून दोन्हीकडे. टीप मारायची घाई करायची नाही. आता ट्रायल. कोट अंगात घालायचा, सरळ उभं राहायचं, हात सैल, नजर समोर. खाली बघायचं नाही, मागे वळायचं नाही, वळलं की खांदा सरकतो. दुसऱ्या माणसाने मागे उभं राहायचं. पाठीवर हात फिरवायचा, कापड कुठे ओढतंय ते बोटांना कळतं, आणि तिथे टाचणी लावायची. हे स्वतःचं स्वतःला करता येत नाही. कितीही मोठा कारागीर असो, येत नाही. एकट्याने केलं तर आरशात बघायला मान वळते, उजवा हात डाव्या खांद्यामागे न्यावा लागतो, पाठ ओढली जाते, आणि मग चुणी पडते ती नेमकी डाव्या मुंढ्यात, मागच्या बाजूला.

तिथेच होती.

ट्रायल घ्यायला त्याच्या मागे कोणी नव्हतं. मी खिडकीतून बघितलं, दारात अंगठ्याने दाबून बघितलं, आणि मला फक्त शिवण दिसली.